मधल्या कणाची साक्ष

१

सोमवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेतून एक उंचवटा नाहीसा झाला.

हसू नका. उंचवटा आलेखावरचा होता हे खरं, पण त्याच्या जिवावर एका मुलीची डॉक्टरेट उभी होती, आणि तो गेल्याचं कळल्यावर ती आपलं सामान खोक्यात भरायला लागली होती.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लांबलचक नळीतून कणांचा झोत ठोक्याठोक्याने येतो, धातूच्या पत्र्यावर आपटतो, आणि तिथून उडालेले कण समोरच्या भिंतीवर जाऊन पडतात. ही भिंत म्हणजे डिटेक्टर. न्हाणीघरात असतात तशाच टाइल्स, फक्त इथे प्रत्येक टाइलला मागून एक तार आणि एक नंबर. कण पडला की दोन गोष्टींची नोंद होते, कुठली टाइल आणि किती वेळाने. गेल्या हंगामात मौनीला असं आढळलं, की भिंतीच्या कडेच्या टाइल्सवर येणारे काही कण किंचित उशिरा येतात. कडेच्या टाइल्सच्या वेळांचा आलेख काढला की मुख्य डोंगराशेजारी एक छोटा उंचवटा दिसायचा. हे लेटलतीफ नेमके कडेलाच का जातात, ते कुणालाच सांगता येईना. आमच्या धंद्यात याहून आनंदाची गोष्ट नसते.

मौनी हे अर्थातच तिचं नाव नव्हे. चहाच्या वेळी आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडत असतो तेव्हा ती कपाच्या कानाशी चाळा करत गप्प बसते, म्हणून पडलेलं. "बरं" आणि "बघते" एवढ्या दोन शब्दांवर तिचा आठवडा निघतो.

सुट्टीत बरंच काही बदललं. झोत कितीतरी पटींनी जोरकस झाला, भिंतीमागच्या तारा नव्या आल्या आणि नोंदी पाठवणारा प्रोग्रामही नव्याने लिहिला गेला. आता कणांचा पाऊस पडणार, उंचवटा टेकडीएवढा होणार, म्हणून आम्ही पेढ्यांची वाट बघत होतो. आलेख आला तो इस्त्री केल्यासारखा सपाट.

"खरी गोष्ट जास्त आकड्यांत जास्त ठळक होते," संचालक साहेब मंगळवारी सकाळी शांतपणे म्हणाले. "ही विरघळली. म्हणजे मुळात नव्हती. मग गेल्या हंगामात दिसली कशी?"

त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण खोलीतल्या सगळ्यांनी एकाच खुर्चीकडे पाहिलं.

संध्याकाळी बाहेरच्या समितीची बैठक होती. तिथे साहेब तो निष्कर्ष मागे घेणार आणि मौनीला प्रकल्पातून काढणार, हे जवळपास ठरल्यात जमा होतं. प्रकल्प गेला की तिची डॉक्टरेटही गेली. मी नियंत्रण कक्षातल्या शिफ्टचा प्रमुख. माझ्या हातात फार काही नव्हतं. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"तसा मी अन्याय करणारा माणूस नाही," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुमच्या आत्यांना बोलवा."

२

माझी आत्या या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली तेव्हा निम्म्या लोकांना हायसं वाटलं आणि निम्मे रडले. मी दोन्ही गटांत होतो. सॉफ्टवेअर विभाग तिने उभा केला. अजूनही सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात, आणि ती आली की पायावर टाकलेला पाय खाली घेतात.

आल्या आल्या तिने पर्स माझ्या टेबलावर ठेवली, माझा चहा स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "दोन आलेख काढ. एकात नुसत्या टाइल्स, वेळ बघायची नाही. दुसऱ्यात नुसत्या वेळा, टाइल बघायची नाही. गेला हंगाम आणि हा, शेजारी शेजारी."

काढले. दोन्ही हंगाम हुबेहूब जुळले. कुठल्या टाइलवर किती टक्के कण, तेही जुळलं. एकूण कणांत उशिरा येणारे किती, तेही जुळलं.

"म्हणजे हरवलेलं काहीच नाही," आत्या म्हणाली.

"अगं, उंचवटा हरवलाय!"

"उशीर करणारे तेवढेच आहेत बाळ्या, कुणी पळवलेले नाहीत. फक्त ते कडेला राहायचे, ते आता गावभर झालेत. कोण कुठे राहतं याचा घोळ झालाय." तिने चहा संपवला. "तारा कुणी बदलल्या?"

तारा कारागिराने बदलल्या होत्या. भिंत बांधल्यापासून तिच्या पाठीमागच्या बोळात वावरणारा हा माणूस कपाळावर चष्मा आणि ओठांत स्क्रू घेऊनच बोलतो. आत्याला बघून त्याने स्क्रू काढले.

"बाई, माझ्यावर आळ घालू नका. तारा बदलल्या तसे टाइल्सचे नंबर बदलले, कबूल. पण जुना नंबर कुठला आणि नवा कुठला, त्याचा तक्ता मी त्याच दिवशी पोस्टमास्तरला दिला. विचारा त्याला. आणि भरवसा नसेल तर हे बघा."

त्याने छोटा दिवा घेतला आणि एका टाइलसमोर धरला. पडद्यावर बरोबर तीच टाइल उजळली. आत्याने त्याला कोपरे दाखवले, मधली रांग दाखवली, मुद्दाम अडचणीची जागा दाखवली. दरवेळी दिवा आणि पडदा यांचं एकमत झालं.

"झालं समाधान?"

"दिवा एका वेळी एकच लावता?"

"मग काय रोषणाई करू?" कारागीर फणकारला.

मला हसू आलं. आत्या मात्र हसली नाही. "एकच," ती स्वतःशी म्हणाली आणि बोळाबाहेर चालायला लागली. मी मागोमाग पळालो. तिचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. कारागीर सुटला होता, हे मला कळलं.

३

पोस्टमास्तर हा आत्याच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा. मुलगा म्हणायचं, आता कानशिलं पांढरी झालीत. भिंतीवरच्या नोंदी पाकिटांत भरून साठवणीच्या यंत्रांकडे रवाना करणारा प्रोग्राम त्याचा, म्हणून हे नाव. त्याच्या खोलीत दोन पडदे, एक निगा राखलेली कुंडी आणि कागदाचा एक कपटाही नाही.

"बाई, या ना." तो उभाच राहिला.

"बस. मी नवखी आहे असं समज आणि सांग."

तो खुलला. आपल्या कामाबद्दल बोलायला मिळालं की माणूस कसा दिसतो ते बघावं. "झोताच्या प्रत्येक ठोक्याला एक पाकीट. आत दोन याद्या. एकीत वेळा, दुसरीत टाइल्सचे नंबर. पहिली वेळ पहिल्या नंबराची, दुसरी दुसऱ्याची. सगळं एका सलग पट्टीत दाबून बसवायचं आणि पाठवायचं. झोत वाढणार म्हणून यंदा वेग वाढवला. पूर्वी वेळा एकेक करून ठेवत होतो, आता गठ्ठाच उचलून ठेवतो."

"तपासलंस?"

"डोळ्यांत तेल घालून! तो मंद चाचणी-स्रोत लावला आणि महिनाभर चालवलं. एक पाकीट गहाळ नाही, एक फाटकं नाही. जेवढ्या वेळा तेवढेच नंबर."

"मंद स्रोत. एका पाकिटात कण किती यायचे?"

"एखादाच. कधी तोही नाही."

आत्याने मान डोलावली आणि उठली. दाराशी पोचलो तेव्हा त्याने मागून हाक मारली. आवाज उतरला होता.

"बाई, मला चुगली करायची नाही. पण नंतर कळलं तर तुम्ही म्हणाल, लपवलं. मौनी कालपासून यंदाच्या फक्त सकाळच्या पहिल्या फायली उघडतेय. दुपारच्या, संध्याकाळच्या बाजूला सारल्या. आणि सकाळच्या तेवढ्या फायलींत तिचा उंचवटा आहे."

हवे तेवढे आकडे उचलायचे आणि नको ते बाजूला सारायचे, याला आमच्याकडे एकच नाव आहे, आणि ते घेतलं की माणूस या क्षेत्रातून उठतो.

४

मौनीची खोली रिकामी वाटत होती. टेबलावर चिकटपट्टी लावलेलं खोकं होतं.

"गेल्या हंगामातला छापील आलेख भिंतीवर होता ना तुझ्या?" आत्याने विचारलं. "बघू."

मौनीने खोक्याकडे पाहिलं. "तळाला आहे. तोच आधी ठेवला."

"मग काढ सगळं."

बिचारीने पट्टी सोडली. शेवटी टाकलेल्या चपला आधी निघाल्या. मग स्वेटर, चार्जर, मग कप, मग पुस्तकं, आणि सगळ्यांत शेवटी घडी न पडलेला तो कागद. आत्या कागदाकडे बघतच नव्हती. टेबलावर मांडलेल्या चपलांपासून पुस्तकांपर्यंतच्या रांगेकडे बघत होती.

"सकाळच्याच फायली का गं?" तिने विचारलं, पण आवाज मऊ होता.

"सकाळी झोत मंद असतो," मौनी म्हणाली. "मग हळूहळू वाढवतात. मंद असताना उंचवटा दिसतो. झोत वाढला की जातो."

तिच्या तोंडून एवढं सलग मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मग साहेबांसमोर मूग गिळून का बसलीस?" मी चिडलोच.

"सोयीचे तेवढे उचलले, म्हणाले असते."

खरं होतं. मीही क्षणापूर्वी तेच म्हटलं होतं, मनात. मला तिच्याकडे बघवेना.

"घरी सांगितलंस?" आत्याने विचारलं.

"आईला म्हटलं, सुट्टीला येतेय." ती कप उगाच पुसत होती. "खूश झाली."

आत्याने तो कप तिच्या हातातून घेतला आणि टेबलावर, नेहमीच्या जागी ठेवला. "खोकं इतक्यात भरू नकोस," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "चल, पोस्टमास्तरला एकच प्रश्न राहिलाय."

५

तो आम्हाला जिन्यातच भेटला.

"वेळा गठ्ठ्याने ठेवतोस म्हणालास. आणि टाइल्सचे नंबर?"

"तेही गठ्ठ्यानेच ठेवत होतो, बाई. पण मग तारा बदलल्या. आता प्रत्येक नवा नंबर घ्यायचा, तक्त्यात बघून जुना करायचा आणि ठेवायचा. म्हणून ते एकेक."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासूनच की. का?"

"काही नाही. बैठकीला ये."

तो गेला. मी आत्याच्या मागे लागलो. कळलं असेल तर सांगून टाक, मुलीचा जीव टांगणीला लागलाय, साहेब आत समितीला चहा पाजतायत, माझं शिफ्टमध्ये लक्ष नाही, वगैरे. तिने ताकास तूर लागू दिली नाही.

"आत्ता बोलले तर तो धावत जाऊन प्रोग्राम दुरुस्त करेल," ती म्हणाली. "उंचवटा परत येईल. आणि साहेब म्हणतील, दिसेपर्यंत बदल करत बसलात. नको. कशालाही हात न लावता दाखवायचं. आणि आधी सांगून दाखवायचं."

"आणि तू सांगितलंस तसं नाही दिसलं तर?"

आत्या पायऱ्या उतरता उतरता थांबली. "तर मुलीनेच केलंय," ती म्हणाली, "आणि मी तसं सांगेन."

६

समितीत तिघं होती. साहेब कडेला, समोर कागद. मौनी दाराजवळच्या खुर्चीत. पोस्टमास्तर आणि कारागीर भिंतीला टेकून. मला आत्याने संगणकावर बसवलं होतं.

"आजच्या भर दुपारच्या फायली घ्या," आत्या म्हणाली. "झोत जोरात असतानाच्या. यांना मौनीने हातही लावलेला नाही, ते पोस्टमास्तर सांगेल." त्याने मान हलवली. "त्यातली बरोबर तीन कणांची पाकिटं तेवढी निवडायची आणि कडेच्या टाइल्सच्या वेळा बघायच्या. मी आधी सांगते काय दिसेल. पाकिटातला पहिला कण घेतलात तर सपाट. तिसरा घेतलात तर सपाट. मधला घेतलात तर उंचवटा. माझं चुकलं तर साहेबांनी हिला काढावं आणि मलाही पुन्हा बोलावू नये."

साहेबांनी भुवया उंचावल्या. मी पहिला कण निवडला. सपाट. तिसरा निवडला. सपाट. मधला निवडताना माझं बोट दोनदा चुकीच्या कळीवर पडलं.

मुख्य डोंगर उमटला आणि त्याच्या शेजारी, गेल्या हंगामात होता अगदी तिथेच, उंचवटा.

समितीतले एक गृहस्थ अर्धे उठले. "मधल्यातच का?"

"तारा चुकल्या असत्या तर मंद झोतातही घोळ दिसला असता," आत्या म्हणाली. "तारेला काय ठाऊक, गर्दी किती आहे ते. वेळा आणि टाइल्स सुट्या सुट्या बघितल्या तर सगळं जागच्या जागी. म्हणजे मोडलीय ती त्यांची जोडी. आणि मोडते कधी? पाकिटात एकाहून जास्त कण असले की. कारागिरांचा दिवा एका वेळी एकच. चाचणीच्या पाकिटात कण एकच. सकाळच्या मंद झोतातही बहुतेक एकेकटाच. एकट्याची जोडी मोडणार कशी?"

ती पोस्टमास्तरकडे वळली. रागाने नाही. "आपलं पाकीट कुठून भरतं रे?"

"मागून," तो म्हणाला. "शेवटाकडून पुढे भरत येतं." आणि मग त्याचा चेहरा बदलत गेला. "खोक्यासारखं. आधी टाकलं ते तळाला. गठ्ठा टाकला तर क्रम आपोआप राहतो. एकेक टाकायचं तर..."

"तर शेवटचा आधी टाकायचा," आत्याने पूर्ण केलं. "जुन्या प्रोग्राममध्ये तू तसंच करत होतास. मग गठ्ठ्याची सवय लागली आणि तक्ता आल्यावर नंबर पुन्हा एकेक टाकताना तू साध्या माणसासारखा पहिल्यापासून सुरुवात केलीस. वेळांची यादी सुलटी, नंबरांची उलटी. पहिल्या कणाची वेळ गेली तिसऱ्याच्या टाइलला, तिसऱ्याची पहिल्याच्या. मधला तेवढा आपल्या घरी राहिला."

साहेब अजून बधले नव्हते. "बाई, तीन कणांची पाकिटं ती किती. योगायोगही असू शकतो."

"मग सगळी घ्या. दुपारची, संध्याकाळची, लहान-मोठी. प्रोग्रामला हात लावू नका, साठवलेल्याला हात लावू नका. फक्त वाचताना नंबरांची यादी उलटी वाचा."

मी तसं लिहिलं आणि चालवलं. बऱ्याच फायली होत्या. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. आत्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता आणि तिची पकड मला जाणवत होती. तीही माणूसच आहे, हे मी कधी कधी विसरतो.

आलेख आला. उंचवटा कसला, चांगली टेकडी होती.

७

"चूक माझी आहे," पोस्टमास्तर म्हणाला. "मी समितीला तसं लेखी देतो. आणि बाई, मघाशी मी हिच्याबद्दल तुम्हाला जे..."

"तू सांगितलंस म्हणूनच कळलं," मौनी म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या.

साहेबांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि अशा वेळी मोठी माणसं करतात तेच त्यांनी केलं. ते तिच्यावरच रागावले. "मंद झोतात दिसतंय हे तुला कालच कळलं होतं. मग बोलली का नाहीस?"

मौनी उभी राहिली. हात खुर्चीच्या कडेवर घट्ट होते.

"सर, तुम्ही विचारलंत, हे का केलंस. सगळ्यांनी तेच विचारलं." तिने श्वास घेतला. "तुला काय दिसलं, असं बाई येईपर्यंत कुणी विचारलंच नाही."

मी मान खाली घातली. मीही तिला तेच विचारलं होतं, का गप्प बसलीस म्हणून. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. चांगला माणूस आहे, हे मला म्हणायलाच हवं. उठून त्यांनी स्वतः फळ्यासमोरची खुर्ची बाजूला केली.

"ये," ते म्हणाले. "तुला काय दिसलं?"

मौनी फळ्यापाशी गेली आणि बोलायला लागली. कडेचेच कण उशिरा का येत असावेत याबद्दल तिच्या डोक्यात किती दिवस काय काय साठलं होतं देव जाणे. समितीतल्या गृहस्थांनी मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, तर तिने हात वर करून त्यांना थांबवलं. फळा भरला, तिने तो पुसला, पुन्हा भरला. चहा आला आणि गार झाला.

"हिला मौनी कुणी म्हटलं?" आत्या माझ्या कानात कुजबुजली.

"आम्हीच."

"गाढव आहात."

बैठक संपल्यावर मी तिच्या खोलीवरून गेलो. दार उघडं होतं. रिकामं खोकं उलटं घालून त्यावर चढून ती तो छापील आलेख भिंतीवर पुन्हा लावत होती, आणि फोन कानाशी खांद्याने दाबून धरला होता.

"नाही गं आई," ती सांगत होती, "सुट्टीला नाही येत. अगं, ऐक तर! सांगते ना, सगळं सांगते. तुला वेळ आहे का?"